पिकाफ्लोरचं घड्याळ आणि मी

आमच्या प्रयोगशाळेत मला मुफा म्हणायचे. मुफा म्हणजे पांढऱ्या पायाचं माणूस, जिथे जाईल तिथे वाटोळं करणारं. आमच्याकडे अशा माणसाचं नाव तोंडाने घेत नाहीत. चुकून घेतलंच, तर बायका पटकन डाव्या छातीला हात लावतात. पुरुष हात कुठे नेतात ते मी इथे लिहिणार नाही, पण भर बैठकीत चांगले डॉक्टरेट मिळवलेले पुरुष एकदम तिकडे हात नेताना पाहिले की उच्च शिक्षणावर आपण इतका खर्च का करतो असा प्रश्न पडतो.

माझं नाव निदिया पेरुस्सी. हे मी मुद्दाम पूर्ण लिहिते आहे. बारिलोचे या डोंगरातल्या गावात जन्मले, इथल्याच वाऱ्यात वाढले, इथेच भौतिकशास्त्र शिकले आणि गळती शोधणं हे माझं काम आहे. टाकी असो, नळी असो, निर्वात पेटी असो, तिच्या सांध्यातून काही निसटत असेल तर ते मी पकडते. त्यासाठी हेलियम लागतो. हेलियमचा अणू इतका सडपातळ की जिथून हवा जाणार नाही तिथूनही तो अंग चोरून निघून जातो. सांध्यावर बारीक नळीने हेलियम फुंकायचा आणि पलीकडे यंत्राला हुंगत बसवायचं, एवढंच तंत्र. या कामात माझ्याइतकी चिवट बाई आमच्याकडे दुसरी नाही, हे माझे शत्रूही मान्य करतात.

पिकाफ्लोर येईपर्यंत मला शत्रू नव्हतेच. पिकाफ्लोर म्हणजे बुटाच्या खोक्याएवढा उपग्रह, नाव एका इवल्या पाखराचं. डोंगरातल्या बर्फावर नजर ठेवणं हे त्याचं काम, आणि त्याच्या पोटातलं जवळजवळ सगळं सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेलं. कूस बदलली की सांगणारं यंत्र तिळाएवढं, इंधनाची झडप त्याहून लहान आणि घड्याळ तर सगळ्यांत लहान. त्या घड्याळात एक सीलबंद पोकळी आहे, तिच्यात हवा नाही आणि त्या पोकळीत केसाहून बारीक पट्टी अखंड थरथरत असते. तिच्या थरथरीवर अख्ख्या उपग्रहाची वेळ चालते. आधीच्या उपग्रहांत आम्ही जुनी स्फटिकाची घड्याळं वापरायचो. हे नवं घड्याळ ब्रेन्दा नौएलने आणलं. ब्रेन्दा आमची इलेक्ट्रॉनिक्सवाली, वयाने लहान, जिभेने तिखट. "आपटलं तरी चालतं, गोठलं तरी चालतं, नवऱ्यापेक्षा बरं आहे," असं ती त्याच्याबद्दल सांगायची. अजून तिचं लग्न व्हायचं आहे.

तर मी पहिल्यांदा पिकाफ्लोरच्या इंधनाच्या टाकीचे सांधे तपासले आणि त्याच दिवशी घड्याळ थांबलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं म्हणून मी सोडून दिलं. ब्रेन्दाने तारा तपासल्या, वीज तपासली, काही सापडलं नाही आणि काही दिवसांनी घड्याळ आपलं आपण सुरू झालं. पुढच्या तपासणीला मी पुन्हा गेले. पुन्हा थांबलं. तिसऱ्या वेळेला पोलाकोने बैठकीत विषय काढला. पोलाको हा आमचा प्रोग्राम लिहिणारा. त्याचे आजोबा पोलंडहून आले, म्हणून त्याला सगळे पोलाको म्हणतात. खरं नाव त्याच्या आईलाच आठवत असेल.

"हे बघ तानो, मला कुणाबद्दल काही म्हणायचं नाही," पोलाको आमच्या प्रमुखाला म्हणाला. "पण आकडेच बोलतायत."

"काय बोलतायत?" तानोने विचारलं.

"ती आली की घड्याळ बसतं. ती गेली की काही दिवसांत उठतं."

"ती म्हणजे कोण?" मी विचारलं. मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीत होते.

"तू," पोलाको म्हणाला आणि हात तिकडे नेला.

मी हसले. मला वाटलं, बाकीचेही हसतील. तानो हसला नाही. ओस्वाल्दो तारान्तो, म्हणजे आमचा तानो, हा फुटबॉलच्या सामन्याला प्रत्येक वेळी तोच न धुतलेला मोजा घालून बसणारा माणूस. तो नुसता छताकडे बघत राहिला आणि त्याचाही डावा हात टेबलाखाली गेला. त्या दिवसापासून माझं नाव बंद झालं. मी म्हणजे "ती", "आपली पाहुणी", फार तर "गळतीवाली".

मी स्वतःशी विचार केला नाही असं नाही. पण हेलियमवर माझा संशय जाणं शक्यच नव्हतं. हेलियम कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो जळत नाही, गंजवत नाही, कुणाशी संयोग पावत नाही. मूलद्रव्यांच्या अख्ख्या गोतावळ्यात इतकं निरुपद्रवी कुणी नाही. शिवाय जुन्या घड्याळांजवळ मी वर्षानुवर्षं तो फुंकला होता आणि त्यांचं काही वाकडं झालं नव्हतं. म्हणून मी त्याला सोडलं आणि स्वतःच्या अब्रूमागे लागले. एके सकाळी रिकाम्या हाताने पिकाफ्लोरच्या खोलीत जाऊन स्टूल टाकून बसले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसले. घड्याळ ठणठणीत चालत राहिलं.

"झालं समाधान?" मी बाहेर येऊन पोलाकोला विचारलं.

"तसं नसतं ते," तो म्हणाला. "आज तू चिडून आली होतीस. मुफा आपल्याच नादात असली की तिचं लागतं."

"म्हणजे मी रोज चिडून यायचं?"

"तू येऊच नकोस ना."

ब्रेन्दा मला मागून म्हणाली, "मनावर घेऊ नकोस गं. तू वाईट नाहीस. आपलं घड्याळच जरा हळवं आहे." हे ऐकून मला पोलाकोपेक्षा तिचाच जास्त राग आला.

सगळ्यांत लागलं ते चहापाण्याच्या खोलीत. आमच्याकडे भोपळ्याच्या वाडग्यात येर्बा नावाच्या पाल्याचा कडू काढा करतात आणि एकच वाडगा, एकच नळी, असा तो सगळ्यांत फिरतो. ज्याला वगळलं तो माणसांतून उठला म्हणायचं. वाडगा तानोकडून ब्रेन्दाकडे, ब्रेन्दाकडून पोलाकोकडे जायचा आणि माझ्यापाशी आला की कुणाला तरी अचानक फोन यायचा. शेवटी मी घरून माझा वाडगा आणि थर्मास आणायला लागले. एकट्याने येर्बा पिणं म्हणजे एकट्याने पत्ते खेळणं.

आणि तरीही मी गप्प बसले होते, कारण मला उड्डाण बघायचं होतं.

पिकाफ्लोरबरोबर उड्डाणाच्या तळावर दोघांनी जायचं होतं, ब्रेन्दाने आणि मी. तळावरच्या लोकांचा नियमच होता की प्रवासानंतर टाकीची गळती पुन्हा तपासायची, आणि ती तपासायला आमच्याकडे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. इतक्या टाक्या मी माझ्या हाताने तपासून पाठवल्या, त्या सगळ्या आकाशात गेल्या आणि मी एकही रॉकेट उडताना पाहिलेलं नाही. प्रत्येक वेळी तळावर खुर्च्या कमी पडायच्या. या वेळी खुर्ची माझी होती. तिकडे उकाडा असतो म्हणून मी रुंद काठाची गवती टोपी घेतली. बारिलोचेत असली टोपी घातली तर ती तळ्यापलीकडे उडून जाते, पण मी ती घरात घालून आरशासमोर उभी राहिले होते. फोटो काढायला चांगल्यातला नवा फोनही घेतला.

पोलाकोने चार जण गोळा करून तानोला गाठलं. मला बदला, अशी विनंती. तानो म्हणाला, "नियम आहे. जावं तिलाच लागेल." मग त्याने पिकाफ्लोरच्या पेटीच्या मुठीला लाल फीत बांधली. दृष्ट लागू नये म्हणून आम्ही नव्या मोटारीला बांधतो तशी. ती फीत माझ्यासाठी आहे हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते.

अशात माझा नवा फोन बंद पडला. दुकानदाराने बदलून दिला. दुसराही पडला. "बाई, तुमच्या अंगात करंट आहे का?" त्याने विचारलं, आणि तोही जरा मागे सरकला. मी दुसरा फोन रागाने पिशवीत टाकला. रविवारी भावाकडे मांस भाजायला जमलो होतो, तिथे तो पिशवीत आपणहून वाजला. सोमवारी कामावर गेले आणि पुन्हा मेला.

आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी खरंच घाबरले. वाटलं, लोक बोलतात त्यात तथ्य असावं. मी, भौतिकशास्त्राची पदवीधर, गावाबाहेरच्या एका म्हातारीकडे गेले. ती ताटलीतल्या पाण्यात तेलाचे थेंब टाकून दृष्ट काढते. तिने थेंब टाकले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "तुला कुणाची लागलेली नाही, पोरी. लागलीच असेल तर तुझी कुणाला तरी." मी तिला पैसे दिले आणि रडत घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या कार्यशाळेत एका नळीचा जोड तपासत होते. जोडावर प्लास्टिकची पिशवी बांधली होती आणि तिच्यात हेलियम सोडला होता. पिशवीला कुठेतरी भोक होतं, सिलिंडर सुस्कारे टाकत होता, खिडक्या थंडीमुळे बंद होत्या. टेबलावर दोन फोन होते. माझा जुना, काच तडकलेला, आणि नवा, जो त्या पहाटेच पुन्हा जिवंत झाला होता. माझं लक्ष सहज नव्याच्या पडद्यावर गेलं आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचं घड्याळ अडखळलं, परत अडखळलं आणि पडदा काळा झाला. जुना आरामात चालू होता.

मला आधी संताप आला. मग तो संताप हळूहळू दुसरीकडे वळला. जुन्या फोनमध्ये स्फटिकाचं घड्याळ असणार, नव्यात ब्रेन्दाच्या घड्याळाचं भावंड. हवेला बंद असलेली ती इवलीशी पोकळी हेलियमला बंद नव्हती. तो तिच्या भिंतींतून आत झिरपत होता आणि ती बारीक पट्टी भरल्या गाडीत उभ्या माणसासारखी अडकून पडत होती. मी गेले, हवा बदलली, की हेलियम जसा आला तसा सावकाश बाहेर पडायचा आणि पट्टी पुन्हा थरथरू लागायची. खात्री करायला मी त्याच दुकानदाराकडून तिसरा फोन आणला, पिशवीत घातला आणि हेलियम सोडला. मेला. इतक्या आनंदाने कुणी स्वतःचा फोन मारला नसेल. मी कार्यशाळेत एकटीच नाचले. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोर माझ्याच सिलिंडरमध्ये होता.

नाचून दमले आणि खुर्चीत बसले, तेव्हा उरलेलं लक्षात आलं. हे मी सांगितलं की पिकाफ्लोरजवळ हेलियम बंद. हेलियम बंद म्हणजे तळावरची तपासणी बंद. तपासणी बंद म्हणजे माझी खुर्ची गेली.

मी देवमाणूस नाही. मी तिथेच बसून दुसरा बेत आखला. कुणाला काही सांगायचं नाही. तळावर जायचं, टाकीपाशी उभं राहून नळी नुसती फिरवायची, झडप उघडायचीच नाही. टाकी चांगली आहे हे मला माहीत होतंच. हेलियम नाही, तर घड्याळही थांबणार नाही. पोलाकोची बोलती बंद, माझी खुर्ची शाबूत आणि डोक्यावर गवती टोपी. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा बेत. पण तळाच्या दालनात आमचा एकटा उपग्रह नसतो. शेजारी आणखी कुणाकुणाच्या टाक्या उभ्या असतात आणि त्यांच्या गळतीवाल्या माझ्यासारख्याच हेलियम फुंकत फिरत असतात. त्यांचा हेलियम पिकाफ्लोरमध्ये शिरला आणि तसंच रॉकेट उडालं, तर वर जाऊन आमचं पाखरू जागंच होणार नाही. त्याला तिथून दूर ठेवा हे सांगणारं जगात एकच माणूस होतं. त्या रात्री मी तशीच घरी गेले. सकाळी येऊन सिलिंडर गाड्यावर चढवला आणि ढकलत तानोकडे निघाले.

"मी आत येणार नाही," मी तानोला म्हणाले. "मी काचेबाहेर उभी राहते. तू हा सिलिंडर घेऊन आत जा. पिकाफ्लोरपाशी नाही, पलीकडच्या खोलीत तसलंच घड्याळ बसवलेली सुटी सर्किटची पाटी ठेवली आहे, तिच्यापाशी. झडप उघड आणि थांब."

"मी का?"

"कारण तुझे पाय पांढरे नाहीत ना."

तानो गेला. ब्रेन्दा आणि पोलाको त्याच्यामागे गेले. मी काचेला नाक लावून उभी राहिले. त्याने झडप उघडली. पडद्यावर घड्याळाचे आकडे पळत होते. बराच वेळ पळत राहिले आणि पोलाको माझ्याकडे बघून खांदे उडवायला लागला. मग आकडे अडखळले आणि थांबले. आतले तिघंही थांबले. पोलाको हळूच एक पाऊल मागे सरकला आणि तानोकडे बघत त्याचा हात नको तिकडे जाऊ लागला.

"ए," तानो म्हणाला, "माझ्याकडे बघून नाही हं. मी साहेब आहे तुझा."

मी बाहेरून सगळं समजावून सांगितलं. ब्रेन्दाला अर्धं ऐकल्यावरच कळलं आणि तिने कपाळावर हात मारला. पट्टी, पोकळी, झिरपणं, सगळं ती स्वतःच मला सांगू लागली. मी तिला बोलू दिलं. पोलाको काचेजवळ आला.

"निदिया," तो म्हणाला. नाव घेतलं त्याने, आणि हात खिशातच ठेवला. खिशात काय केलं मला माहीत नाही.

तानो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "तळावर हेलियम नको, तर मग टाकी कशी तपासायची?"

"ब्रेन्दा टाकीतला दाब बघेल. चार दिवस दाब तसाच राहिला तर गळती नाही. त्यांना पटेल ते. आणि पोलाकोला पाठव. शेजाऱ्यांच्या हेलियमने घड्याळ बसलंच, तर त्याने प्रोग्राममधून वेळ दुसरीकडून घ्यायची सोय करून ठेवावी."

"आणि तू?"

"माझं तिकडे काय काम?"

"तुझं जाणं रद्द होणार, हे तुला इथे यायच्या आधी माहीत होतं?" तानोने विचारलं.

"कालपासून."

"तू गप्प बसली असतीस तर..." तानो म्हणाला. मग त्याने सिलिंडर परत गाड्यावर चढवला आणि स्वतः ढकलत कार्यशाळेपर्यंत नेला. वाटेत भेटेल त्याला सांगत होता, "निदिया पेरुस्सीने शोधलं. निदियाने." लोक दचकून हात वर-खाली करत होते.

पोलाको संध्याकाळी माझ्याकडे आला. "तू जा. मी राहतो. प्रोग्राम मी इथून पाठवीन."

"आणि मी तिथे जाऊन काय करू? टोपी घालून फोटो काढू?"

"काढ की."

मला हो म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं, जिभेवर आलं होतं. "उगीच बडबडू नकोस," मी म्हणाले. "आणि जाताना माझी टोपी घेऊन जा. तिकडे ऊन असतं." त्याने ती घातली आणि तळावरच्या सगळ्या फोटोंत पोलाको बाईची टोपी घालून उभा आहे.

उड्डाण आम्ही आमच्या खानावळीत, मोठ्या पडद्यावर पाहिलं. शेजारच्या खोलीत, पातळ भिंतीपलीकडे, पिकाफ्लोरचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा पुढचा उपग्रह, टेबलावर उघडा पडला होता, त्याच घड्याळासह. पडद्यावर रॉकेट वर गेलं. मी डोळे भरून पाहिलं, पण पडदा तो पडदाच, त्यातून जमीन हादरलेली कळत नाही. मग कितीतरी वेळाने तळावरून ब्रेन्दाचा आवाज आला, "बोलतोय. वेळ बरोबर आहे. घड्याळ चालतंय." सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. तानोने मला इतकं घट्ट धरलं की माझा चष्मा त्याच्या शर्टात अडकला. मी रडले. थोडं आनंदाने आणि थोडं त्या खुर्चीसाठी.

तेवढ्यात दार उघडलं आणि स्वयंपाकघरातली सुलेमा आत आली. तिच्या हातात निळ्या-पांढऱ्या फुग्यांचा मोठा घोस होता आणि तो वर छताकडे ओढ घेत होता.

सगळ्यांचे डावे हात आपापल्या जागी गेले. मला सवय झाली होती, मी मान खाली घातली आणि नजरा येण्याची वाट पाहिली. त्या आल्या नाहीत. मी वर पाहिलं. तानोपासून दारातल्या सुरक्षारक्षकापर्यंत सगळे फुग्यांकडे बघत होते.

"काय झालं?" सुलेमाने माझ्याजवळ येऊन कुजबुजत विचारलं. "कुणी मुफा आलंय का?"

"हो," मी म्हणाले. "दोरी घट्ट धर आणि त्याला बाहेर घेऊन जा."